प्रथमोपचाराचा वर्ग आपल्याच गाळ्यात भरवा
(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं)

कामाच्या जागी, सोसायटीत किंवा मंडळात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्यायचं असेल तर काय बघावं, असे प्रश्न वाचकांकडून मागवले होते. त्यांपैकी पाच पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचं पॉवर प्रेसचं (पत्रा दाबून घडवणाऱ्या मशीनचं) वर्कशॉप आहे. तिन्ही पाळ्या मिळून ८५ माणसं. दोघा सुपरवायझरांना बाहेर वर्गाला पाठवून प्रमाणपत्र आणावं, की प्रशिक्षकांनाच इथे बोलवावं? बोलवलं तर किती जणांना बसवायचं आणि मशीन किती वेळ बंद ठेवायची?
– एक कारखानदार, पुणे

उत्तर : इथेच बोलवा. बाहेरच्या वर्गात माणूस गालिच्यावर ठेवलेल्या पुतळ्याची छाती दाबायला शिकतो. तुमच्याकडे अपघात होईल तो दोन प्रेसच्या मधल्या अडीच फुटांच्या जागेत, तेलकट फरशीवर, कंप्रेसरच्या आवाजात. जखमीला आधी मोकळ्या जागेत कसं ओढायचं, ओरडलेलं ऐकू जात नसेल तर मदत कशी बोलवायची, हे तिथेच करून बघावं लागतं.

आता संख्या. १९४८ च्या कारखाने कायद्याने (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम ४५ मध्ये लावून दिलेला हिशेब असा होता : एका वेळी कामावर असलेल्या दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी, आणि प्रत्येक पेटीवर प्रमाणपत्र असलेला, कामाच्या वेळेत कायम हजर राहणारा एक जबाबदार माणूस. त्या हिशेबाने तुमचं एका पेटीवर भागेल. पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या एका पाळीत २८-३० माणसं असतात. त्यांत एकच शिकलेला असला आणि त्याची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असली, तर पाळी उघडी पडली. बरं, प्रेसमध्ये हात त्याचाच सापडला तर? म्हणून पाळीमागे किमान तिघं, जमल्यास पाच जण तयार करा. पाळ्या दर आठवड्याला बदलत असतील तर ड्युटी लावतानाच या नावांवर खूण करा; नाहीतर शिकलेले सगळे एकाच पाळीत जमा होतात.

निवड करताना नुसते सुपरवायझर घेऊ नका. प्रेसवर शेजारी उभा असलेला ऑपरेटर सर्वांत आधी पोहोचतो. प्रत्येक पाळीतला एक फिटर हवाच, कारण हात डायमध्ये (साच्यात) अडकला तर मेन स्विच बंद केल्यावरही फ्लायव्हील (मशीनचं जड चाक) काही वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबल्याशिवाय रॅमला (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाला) हात लावायचा नाही, आणि थांबल्यावर रॅम हाताने वर कसा घ्यायचा हे त्या मशीनचं काम जाणणाऱ्यालाच ठाऊक असतं. गेटवरचा वॉचमनही वर्गात बसवा. अँब्युलन्स आत घेणं हे त्याचं काम आहे.

एका बॅचला २० पेक्षा जास्त माणसं नकोत. चार-पाच जणांमागे एक पुतळा असावा. चार तास हा किमान वेळ आहे. त्याहून कमी वेळात होतं ते भाषण. प्रशिक्षकांना आधीच विचारा : प्रत्येक माणूस सलग दोन मिनिटं छाती दाबणार आहे का? मिनिटाला १०० ते १२० या गतीने दोन मिनिटांत दोनशेच्या वर दाब होतात. पहिल्या मिनिटानंतर हात थकतात, दाबाची खोली कमी होते आणि दाबणाऱ्याला ते कळतही नाही. तीस दाब देऊन ‘हं, पुढचा’ म्हणणाऱ्या वर्गात हा अनुभव येतच नाही. दाब पुरेसा झाला की टिक्‌ आवाज करणारा किंवा दिवा लावणारा पुतळा असेल तर उत्तमच. परप्रांतीय कामगार असतील तर वर्ग हिंदीतही चालेल का, हेही विचारून घ्या.

वर्गाच्या आदल्या दिवशी प्रशिक्षकांना तासभर कारखान्यात फिरवा. गेल्या काही वर्षांतली अपघात नोंदवही दाखवा. बोटं, डोळ्यांत कण, पत्र्याने कापणं हे तुमचे अपघात असतील तर साप चावण्यावर अर्धा तास घालवण्यात अर्थ नाही.

आणि तीन महिन्यांनी न सांगता एक रंगीत तालीम घ्या. एकाच्या हाताला लाल रंग लावून त्याला प्रेसपाशी बसवा आणि घड्याळ लावा. अशा तालमीत हमखास सापडणाऱ्या चुका या : पेटीला कुलूप आणि किल्ली जनरल पाळीत येणाऱ्या स्टोअरकीपरच्या खिशात, शेडमध्ये मोबाइलला रेंज नाही, १०८ ला फोन करणारा ‘लवकर या’ म्हणून फोन ठेवून देतो, प्लॉट नंबर सांगतच नाही, गेटसमोर माल उतरवणारा टेम्पो उभा. फोनजवळच्या भिंतीवर प्लॉट नंबर, ब्लॉक आणि ओळखीची खूण मोठ्या अक्षरांत लिहा. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हेही त्याखाली लिहा.

प्रश्न : प्रेसवर बोट तुटलं तर पहिल्या दहा मिनिटांत नेमकं काय करायचं? आमच्याकडे जुने लोक जखमेत हळद भरतात आणि मनगटावर सुतळी आवळतात.
– याच पत्रातून

उत्तर : हळद, कॉफी पावडर, मशीन पुसायचं कॉटन वेस्ट, यांतलं काहीही जखमेवर नको. हळदीने जखम दिसेनाशी होते आणि सर्जनला ती आधी धुवत बसावं लागतं; कॉटन वेस्टमध्ये तेल आणि लोखंडाचा कीस असतो.

जखमीला खाली बसवा, जमलं तर आडवं करा. उभा माणूस रक्त बघून कोसळतो आणि डोकं फोडून घेतो. हातमोजे घालून जखमेवर निर्जंतुक गॉजची जाड घडी ठेवा आणि तळहाताने घट्ट दाबा. हात छातीच्या वर धरा. सलग दहा मिनिटं दाबायचं, मध्ये उचलून ‘थांबलं का’ बघायचं नाही. बघितलं की धरू लागलेली गाठ सुटते. घडी भिजली तर ती काढू नका, वर दुसरी ठेवा. तुटलेल्या बोटाचा रक्तस्राव एवढ्याने बहुतेक वेळा आटोक्यात येतो.

सुतळी, वायर, रबरबँड कधीच नको. अरुंद वस्तू मांसात रुतून नसा चिरडते. आख्खा पंजा किंवा हात चिरडला आहे, रक्त उसळ्या मारतंय आणि दाबूनही थांबत नाही, अशा वेळी मात्र टूर्निके (रक्त थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा) बांधावाच. तो किमान चार सेंटिमीटर रुंद पट्ट्याचा, जखमेच्या पाच ते आठ सेंटिमीटर वर, कोपरावर नाही. रक्त थांबेपर्यंत पीळ द्या आणि बांधल्याची वेळ मार्करने त्याच्या कपाळावर किंवा हातावर लिहा. ‘दर पंधरा मिनिटांनी सैल करा’ ही शिकवण जुनी झाली. आता तो डॉक्टरच सोडतील. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी वर्ग केला आहे त्यांच्या डोक्यातून ही गोष्ट मुद्दाम काढावी लागते.

तुटलेलं बोट शोधायला दुसरा माणूस लावा. बऱ्याचदा ते डायमध्ये किंवा हातमोज्याच्या आत असतं, म्हणून मोजा फेकू नका. माती लागली असेल तर सलाइनने हलकं धुवा, घासू नका. सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर गोठतं आणि जोडण्याच्या कामाचं राहत नाही. कँटीनच्या फ्रीजमध्ये बर्फाचा एक ट्रे नेहमी भरलेला ठेवा.

जखमीला चहा-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागणार आहे. नेण्यासाठी जवळचं रुग्णालय न बघता बोट जोडणारे प्लास्टिक सर्जन कुठे आहेत ते बघा, आणि हा शोध आजच घ्या. रात्री दोन वाजता फोन करून खात्री करा की त्या वेळी तिथे फोन उचलला जातो.

प्रश्न : ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत १४ मजले आणि बरेच ज्येष्ठ नागरिक आहेत. सीपीआरचा (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबण्याचा) वर्ग ठेवायचा आहे. तोंडाने श्वास द्यायचा की नाही यावरून समितीत वाद आहे. छाती दाबताना बरगडी मोडली तर? आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं) यंत्र घ्यावं का?
– सोसायटीच्या सचिव

उत्तर : वाद मिटवण्यासारखा आहे. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य माणसांसाठी आखलेल्या पद्धतीत फक्त छाती दाबायला सांगितलं आहे. अचानक कोसळलेल्या प्रौढ माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटं प्राणवायू शिल्लक असतो. तो मेंदूपर्यंत पोहोचवणं हे खरं काम. अपवाद बुडालेल्या माणसाचा आणि लहान मुलांचा. तिथे मूळ अडचण श्वासाचीच असते, म्हणून ३० दाब आणि २ श्वास शिकून घ्यावेत. तुमच्याकडे पोहण्याचा तलाव असेल तर वॉचमन आणि तलावावरच्या माणसाला हे यायलाच हवं.

पण वर्गात सर्वांत जास्त वेळ द्या तो ओळखण्याला. हृदय थांबल्यावरही काही जण मिनिटभर किंवा जास्त वेळ मधूनच तोंड उघडून घरघरतात, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे. जमलेले लोक म्हणतात, ‘थांबा, श्वास चालू आहे.’ तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की दाबायला सुरुवात. नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटांतले ठोके लागतात. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी घालणं, पाय चोळणं यांत जाणारं प्रत्येक मिनिट महाग आहे. काहीच न करता मिनिट गेलं की जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते.

आजोबा पलंगावर असतील तर आधी खाली जमिनीवर घ्या. गादीवर दाबलं की छातीऐवजी गादीच दबते. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, वर दुसरा हात, कोपरं ताठ, खांदे हातांच्या सरळ वर. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. हात टेकवून वजन ठेवलं तर हृदयात रक्त भरत नाही. दर दोन मिनिटांनी माणूस बदला. बरगडी मोडू शकते, विशेषतः वयस्कांची. आवाज आला तरी हात योग्य जागी आहे ना ते बघून चालू ठेवा. बरगडी काही आठवड्यांत जुळते.

बाई कोसळली तर आसपासचे पुरुष हात लावायला कचरतात. हा संकोच वर्गात मोकळेपणाने बोलून काढा, आणि सोसायटीतल्या बायकांची संख्या वर्गात निम्मी तरी ठेवा.

एईडी घ्यावं, पण वर्गानंतर. आधी यंत्र घेतलं की ते कार्यालयात कुलपात जातं. ते २४ तास माणूस असलेल्या गेटवर ठेवा. चिकटपट्ट्यांना आणि बॅटरीला मुदत असते. ती तारीख सचिवांच्या वहीत हवी. यंत्र बोलून सूचना देतं. ते हिंदीत बोलतं का हे खरेदीआधी विचारा, कारण रात्री ते वॉचमनच हाताळणार. उघड्या छातीचा घाम पुसून एक पट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या बाजूला काखेच्या खाली. यंत्र ‘दूर व्हा’ म्हणेल तेव्हा सर्वांनी हात काढायचे, झटका झाला की लगेच पुन्हा दाबायला लागायचं. आणखी एक : तुमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, ते आजच मोजून बघा.

प्रश्न : आमचं गोविंदा पथक आहे. सरावाच्या काळात प्रथमोपचार शिकवायचा तर काय शिकवावं?
– पथकाचे प्रशिक्षक, गिरगाव

उत्तर : थर कोसळला की चार जण धावतात, पडलेल्याला काखेत आणि पायांना धरून उचलतात, तोंडावर पाणी मारतात. मानेचा मणका दुखावलेला असेल तर या उचलण्यात हातपाय कायमचे जाऊ शकतात. तेव्हा पहिला धडा उचलू नका हा.

थरात न चढणारे आठ जण निवडा, त्यांना वेगळ्या रंगाचे टी-शर्ट द्या, आणि पडलेल्याला हात लावण्याचा अधिकार फक्त त्यांचाच, हे पथकाला सरावापासूनच ठरवून द्या. त्यातला एक डोक्यापाशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं आहे त्या स्थितीत धरतो. तो हात सोडत नाही आणि हुकूम तोच देतो. दुसरा विचारतो : मान दुखते का, हाता-पायाला मुंग्या येतात का, बोटं हलव. एकाचंही उत्तर खटकलं की त्याला हलवायचं नाही, पाठ-मान सरळ ठेवून न्यायचा बोर्ड येईपर्यंत. हलवावंच लागलं तर तिघं एका बाजूला (खांदा, कंबर, पाय) आणि डोक्यापाशी बसलेल्याच्या ‘एक, दोन, तीन’वर सगळं अंग ओंडक्यासारखं एकसंध कुशीवर. हे दहा वेळा केल्याशिवाय जमत नाही. पहिल्या पाच वेळा कंबर मागे राहते. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढू नका.

बेशुद्ध माणूस उलटी करत असेल तर मात्र मान सांभाळत त्याला कुशीवर घ्यायलाच हवं. श्वासनलिकेत उलटी गेली तर मणका वाचवून उपयोग नाही.

खालच्या थरातल्यांकडे दुर्लक्ष होतं. वरचा पडलेला सर्वांना दिसतो. खालचा पोटावर किंवा छातीवर माणसं घेऊन उठतो आणि ‘काही नाही’ म्हणतो. त्याला तासभर बसवून ठेवा. फिकट पडला, घाम सुटला, पोट कडक लागलं तर रुग्णालय. डोक्याला मार लागलेल्याला २४ तास एकटं सोडू नका. वारंवार उलट्या, वाढती गुंगी, असंबद्ध बोलणं ही थांबण्याची वेळ नव्हे. मुंबईत त्या दिवशी रस्ते बंद असतात, म्हणून प्रत्येक हंडीच्या जागेवरून नायर, केईएम किंवा जे. जे. यांपैकी कुठे जायचं आणि कोणत्या गल्लीतून, हे सकाळीच ठरवून निघा.

प्रश्न : पेटीत काय ठेवावं? आमच्याकडे गोळ्याच जास्त आहेत.
– कार्यालयीन अधीक्षक, नाशिक

उत्तर : गोळ्या बाहेर काढा. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे पेटीला कळत नाही, आणि डोकेदुखीच्या गोळीसाठी पेटी रोज उघडली की कात्री आणि चिकटपट्टी महिन्यात गायब होते. ३०-४० जणांसाठी १० सेंटिमीटरचे निर्जंतुक गॉज २०, रोलर पट्ट्या दोन रुंदीच्या आठ-आठ, त्रिकोणी पट्ट्या ६, हातमोज्यांचे जोड १०, बोथट टोकाची कात्री, चिकटपट्टी २, डोळे-जखम धुवायला अर्ध्या लिटरच्या सलाइनच्या दोन बाटल्या, ओआरएसची पाकिटं, बंद होणाऱ्या प्लास्टिक पिशव्या, मार्कर, टॉर्च, एक चादर. कापूस थेट जखमेवर लावू नका, तंतू चिकटतात. भाजल्यावर लावायचं मलम ठेवू नका. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं वाहतं गार पाणी हाच उपचार, बर्फ किंवा टूथपेस्ट नाही. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढा. पेटीला कुलूप नको, कागदी सील लावा. तुटलेलं दिसलं की त्याच दिवशी भर घाला.

प्रश्न : ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी फडावर वर्ग घ्यायचा आहे. साप चावला तर काय, एवढंच विचारतात. आणि मदत करणाऱ्यावर पोलिसांचं लचांड येतं का? एकदा शिकलेलं किती दिवस टिकतं?
– शेतकरी गटाचे कार्यकर्ते, वाळवा

उत्तर : नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप सर्वांना माहीत हवेत, पण चावल्यावर साप ओळखत किंवा मारत बसू नका. आवळपट्टी, चिरा देणं, विष चोखणं, मांत्रिक हे चारही वर्ज्य. घोणस चावल्यावर घट्ट बांधलं तर विष एका जागी साठून पाय सडतो. माणसाला चालवू नका. पाय बांबूच्या किंवा उसाच्या दोन कांड्यांना सैलसर बांधून स्थिर करा, जोडवी, पैंजण, काळा दोरा काढा, आणि प्रतिविष असलेल्या ग्रामीण रुग्णालयात न्या. गाडी नसेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून. कोपीत जमिनीवर झोपणाऱ्यांना मुकादमाने एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी : मण्यारीचा दंश रात्री होतो आणि दुखतच नाही. पहाटे पोटात कळ, पापण्या जड, गिळायला त्रास, एवढंच कळतं. हे दिसलं की ‘पित्त झालं’ म्हणून थांबायचं नाही. काही त्रास नसला तरी २४ तास रुग्णालयात राहायचं.

हंगाम सुरू होताना टोळीच्या मुक्कामावरच वर्ग घ्या, संध्याकाळी, बायकांसह. कोयत्याने नडगी कापणं हा अपघात त्यांच्याकडे सापापेक्षा जास्त. दाब देणं तिथेच त्यांच्या स्वच्छ धुतलेल्या लुगड्याच्या घडीवर शिकवा.

पोलिसांबद्दल : रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४अ संरक्षण देतं, नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. इतर ठिकाणी सद्‌भावनेने, माणसाच्या भल्यासाठी केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० लागू होतं.

आणि टिकण्याचं म्हणाल तर, प्रमाणपत्राची मुदत साधारण तीन वर्षांची असते, हातातलं कौशल्य तीन ते सहा महिन्यांतच उतरायला लागतं. महिन्यातून एकदा दहा मिनिटं : एका महिन्यात छाती दाबणं, पुढच्या महिन्यात रक्त थांबवणं, त्यापुढच्यात घशात घास अडकणं (पाठीवर पाच थापा, मग बेंबीच्या वर पाच झटके, आलटून पालटून). तालुक्यातल्या दोन-तीन गटांनी मिळून एक पुतळा घेतला तरी चालतो. तो फिरवताना तोंडाचा भाग प्रत्येकानंतर स्पिरिटने पुसा आणि आतली फुफ्फुसाची पिशवी बदलत राहा.